झोन दाखल्यापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत: महाराष्ट्रात घर बांधणाऱ्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीचा, अर्ज अडतो तेव्हा अडचण बहुधा त्या अर्जात नसते. ती दोन-तीन वर्षे आधी न केलेल्या मोजणीत असते, अर्धा फूट सरकलेल्या जोत्यात असते, किंवा काम चालू असताना 'नंतर बघू' म्हणून बदललेल्या जिन्यात असते. बांधकाम पूर्ण झाल्यावर यातले फार थोडे दुरुस्त करता येते. म्हणून भोगवट्याची तयारी जागेच्या कागदापासून करावी लागते, आणि हा लेखही त्याच क्रमाने जातो.

आधी लागू नियमांबद्दल. महाराष्ट्रातल्या सगळ्या बांधकाम परवानग्यांचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. त्याखाली डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. बृहन्मुंबई महापालिकेला ती लागू नाही; तिथे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ चालते आणि प्रारंभ प्रमाणपत्राच्या, म्हणजे काम सुरू करण्याच्या परवानगीच्या, आधी आयओडी (नकाशाला मिळणारी अटींसह पहिली मंजुरी) घ्यावी लागते. एमआयडीसीची क्षेत्रे आणि थंड हवेच्या ठिकाणच्या नगरपरिषदाही यूडीसीपीआरच्या बाहेर आहेत. पुढचे सगळे यूडीसीपीआर असलेल्या शहरांना आणि गावांना धरून आहे. या नियमावलीत २०२० नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत, त्यामुळे आर्किटेक्टकडे दुरुस्त्यांसह अद्ययावत प्रत आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारा.

जागेचा कागद आणि जागा जुळते का?

सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, सगळे संबंधित फेरफार, खरेदीखत, गट नकाशा किंवा सिटी सर्व्हेचा नकाशा एवढे कागद एकत्र करा. नावात, क्षेत्रात किंवा गट क्रमांकात फरक असेल तर तो आत्ताच तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. खरेदीखतात २०० चौरस मीटर, मालमत्ता पत्रकावर १९२ आणि प्रत्यक्षात कुंपणाच्या आत १८८ असे घडते. एफएसआयच्या, म्हणजे जागेच्या किती पट बांधता येते त्याच्या, हिशेबात यातले सर्वांत कमी क्षेत्र धरले जाते, हे लक्षात ठेवा. शेजाऱ्याच्या कुंपणात गेलेल्या जागेवर तुमचा हक्क कागदावर कितीही पक्का असला, तरी ती ताब्यात नाही तोवर नकाशात धरून चालत नाही.

म्हणूनच भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी टाळू नका. मोजणीच्या दिवशी मालकाने आणि शक्य असेल तर आर्किटेक्टच्या माणसाने हजर राहावे, दाखवलेल्या हद्दीच्या खुणांवर लगेच दगड किंवा काँक्रीटचे खांब रोवावेत आणि त्यांचे फोटो काढून ठेवावेत. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. मोजणीची 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हाती आली की आर्किटेक्टने तिच्यावरच नकाशा बसवायचा. दलालाने दिलेल्या ले-आऊटच्या झेरॉक्सवर नाही.

अकृषिक वापराची बाजू वेगळी आहे. तिचे नियम अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले, म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केले यावर न जाता तहसील कार्यालयात सध्याची पद्धत विचारा. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल, इनाम किंवा वतनाची असेल, किंवा गुंठेवारीने तुकडा पडलेला असेल, तर नकाशे काढण्यावर पैसे घालण्याआधी तो प्रश्न सोडवा.

झोन दाखला आणि भाग नकाशा

हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन्ही हवेत. झोन दाखला तुमचा गट किंवा सर्व्हे क्रमांक विकास योजनेत कोणत्या विभागात आहे ते लिहून देतो. भाग नकाशा त्याच योजनेचा तुमच्या जागेभोवतीचा तुकडा असतो. रस्ते, आरक्षणे, नाले, पूररेषा त्यावर दिसतात. अर्ज महापालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात, बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन करता येतो. सोबत चालू उतारा आणि मोजणी नकाशा लागतो, शुल्क किरकोळ असते. हद्दीबाहेरच्या गावांत प्रादेशिक योजना लागू असते. तिथे जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयाकडे जावे.

दाखला हाती आला की नुसता 'रहिवास' शब्द बघून थांबू नका. यूडीसीपीआरमध्ये रहिवास विभागाचे दोन भाग आहेत: ९ मीटरपेक्षा कमी रुंदीच्या रस्त्यावरची जागा आर-१ आणि ९ मीटर किंवा अधिक रुंदीच्या रस्त्यावरची आर-२. दुकान, दवाखाना, शिकवणी वर्ग, ऑफिस यांपैकी काय चालेल हे यावर ठरते. खाली दुकानाचा गाळा काढून वर राहायचा बेत असेल तर रस्त्याची रुंदी आधी नक्की करा. इथे रुंदी म्हणजे योजनेतली किंवा मंजूर ले-आऊटमधली रुंदी; डांबराची पट्टी किती आहे ते नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रारूप योजना. अधिनियमाच्या कलम ४६ नुसार नियोजन प्राधिकरणाला परवानगी देताना प्रसिद्ध झालेली प्रारूप योजनाही विचारात घ्यावी लागते. जुन्या मंजूर योजनेत जागा स्वच्छ रहिवास आणि नव्या प्रारूपात त्यावरून १८ मीटरचा रस्ता, अशी स्थिती असेल तर जुना झोन दाखला उपयोगाचा नाही. शहरात योजनेचे पुनरीक्षण चालू असेल तर दाखल्यात दोन्ही योजनांचा उल्लेख मागा.

जागा नदीजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा बघा. नदीपात्र आणि निळी रेषा यांच्यामध्ये इमारत बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, आणि तिथे जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. रेषेची पातळी पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या. लगतच्या इमारतीचे जोते बघून अंदाज बांधला आणि पुढे तो चुकला, तर उंची वाढवायला जागाच उरत नाही.

आरक्षण निघाले म्हणजे सगळे संपले असे समजू नका. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नसेल तर कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे 'जागा विकत घ्या' अशी नोटीस, देता येते, आणि सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. सूचनेसोबत मालकीचे कागद पूर्ण जोडलेले नसतील तर ती सदोष ठरते. बहुतेक जण इथेच वेळ घालवतात. विभागच बदलायचा असेल, म्हणजे शेती विभागातून रहिवासात, तर तो स्थानिक कार्यालयाच्या पातळीवर होत नाही. विकास योजनेसाठी कलम ३७ आणि प्रादेशिक योजनेसाठी कलम २० खाली फेरबदल, हरकती-सूचना आणि शासनाची मंजुरी असा तो प्रवास आहे. 'झोन बदलून देतो' असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून लांब राहा, आणि तो बदल गृहीत धरून जमीन विकत घेऊ नका.

नकाशाआधी क्षेत्राचा हिशेब

समजा १० × १५ मीटरची, १५० चौरस मीटरची जागा आहे, समोर ७.५ मीटरचा रस्ता आहे आणि भाग दाट वस्तीबाहेरचा आहे. ९ मीटरपेक्षा कमी रस्त्यावर महापालिका क्षेत्रात मूळ एफएसआय १.१० धरला जातो, म्हणजे १६५ चौरस मीटर. त्यावर रहिवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येते, म्हणजे जास्तीत जास्त ९९ चौरस मीटर. बिगर-रहिवासी वापराला ही मर्यादा ८० टक्के आहे. पूर्वीच्या नियमांत बाल्कनी, जिना, गच्ची यांना वेगवेगळ्या सवलती असत. आता इमारतीच्या बाहेरच्या कडेची 'पी-लाइन' धरून सगळे मोजतात. जुन्या पद्धतीचे 'बाल्कनी फुकट' हे गणित डोक्यात असेल तर ते काढून टाका. नकाशात फसलेले क्षेत्र शेवटी अधिमूल्यात निघते.

आता याच जागेच्या पुढच्या बाजूने दीड मीटर पट्टी रस्ता रुंदीत जाते असे समजा. खोली १५ वरून १३.५ मीटर होते आणि १५ चौरस मीटर जागा कमी होते. त्या पट्टीच्या बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क) मागता येतो, पण पट्टी आधी महापालिकेच्या ताब्यात द्यावी लागते. आणि पुढचे सामासिक अंतर (हद्द आणि इमारत यांच्यामध्ये मोकळे सोडायचे अंतर) नव्या रस्त्याच्या कडेपासून मोजले जाते, जुन्या कुंपणापासून नाही. हा दीड मीटर विसरून काढलेला नकाशा छाननीत परत येतो. छाननीतून चुकून सुटला, तर भोगवट्याच्या वेळी अडतो, आणि ते जास्त वाईट.

पार्किंगही इथेच बसवून बघा. एका चारचाकीला २.५ × ५ मीटर, दुचाकीला १ × २ मीटर. खांबांच्या मधले मोकळे अंतर धरा, मध्यापासून मध्यापर्यंतचे नाही. २.७५ मीटर मध्य-अंतरावर ३०० मिलिमीटरचे खांब आले की मध्ये २.४५ मीटर उरते आणि गाडीची जागा नियमात बसत नाही.

बांधकाम परवानगीचा अर्ज

अर्ज कलम ४४ खाली, परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन जातो. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, झोन दाखला किंवा भाग नकाशा, इमारतीचे नकाशे, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांची नेमणूक व संमतीपत्रे, आणि महापालिकेच्या कराची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र हवे. उतारा ताजा जोडा. सहा महिने जुन्या उताऱ्यावर त्रुटीपत्र येते आणि एक फेरा वाढतो.

छोट्या जागांसाठी यूडीसीपीआरमध्ये जोखमीनुसार सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर नकाशा नियमाप्रमाणे असल्याचे आर्किटेक्ट किंवा अभियंत्याचे प्रमाणपत्र, मालकीचे कागद आणि शुल्क भरल्याची पावती यांवर काम सुरू करता येते. ती पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. दोन्ही सवलतींना जोडलेल्या अटी आर्किटेक्टकडून समजून घ्या. या सवलतीचा अर्थ 'परवानगी लागत नाही' असा पसरला आहे, तो चुकीचा आहे. नकाशा दाखल करावाच लागतो, शुल्क भरावेच लागते आणि नियम मोडले तर जबाबदारी प्रमाणपत्र देणाऱ्याची आणि तुमची असते, कारण आधी कोणी तपासलेले नसते. अशा प्रकरणात चांगला आर्किटेक्ट नेमणे इतर प्रकरणांपेक्षा जास्त गरजेचे आहे.

शुल्कांमध्ये छाननी शुल्क, विकास शुल्क, पूरक क्षेत्राचे अधिमूल्य, सुरक्षा अनामत आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर येतो. स्वतः राहण्यासाठीच्या घराचा खर्च ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर उपकर लागत नाही. अनामतीची पावती जपून ठेवा, ती भोगवट्यानंतर परत मागायची असते आणि अनेक जण विसरतात.

प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर कलम ४५(५) नुसार परवानगी मिळाली असे मानले जाते. पण ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा मागवलेल्या माहितीचे उत्तर दिल्यापासून, यांपैकी जे नंतर असेल तिथून मोजतात, आणि नकाशा सर्व बाबतींत नियमानुसार असेल तरच हा लाभ मिळतो. त्यामुळे केवळ कॅलेंडर बघून पाया खणायला घेऊ नका. परवानगी नाकारली किंवा जाचक अट घातली, तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांच्या आत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते.

जोते: इथे सगळे ठरते

प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते. काम सुरू झाले नसेल तर मुदत संपण्याआधी दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि सगळे मिळून ४ वर्षांच्या पुढे जाता येत नाही. इथे 'काम सुरू' म्हणजे खड्डा खणणे नव्हे. इमारत जोत्यापर्यंत यावी लागते. जागेवर परवानगीचा क्रमांक, तारीख, क्षेत्र आणि संबंधितांची नावे असलेला फलक लावा आणि मंजूर नकाशाची एक प्रत कामावर ठेवा. मिस्त्रीच्या हातात आर्किटेक्टचा 'वर्किंग ड्रॉइंग' असतो. तो मंजूर नकाशाशी जुळतो का, हे मालकाने स्वतः एकदा दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासावे. रुंदी, खांबांच्या जागा आणि जिन्याची दिशा, एवढ्या तीन गोष्टी बघितल्या तरी निम्मा धोका टळतो.

आखणीच्या दिवशी मोजपट्टी हद्दीच्या खांबापासून लावा. शेजाऱ्याची भिंत किंवा तारेचे कुंपण हद्द धरू नका. चारही बाजूंची सामासिक अंतरे प्रत्येकी दोन टोकांना मोजा, कारण जागा क्वचितच काटकोनी असते. मग कर्ण मोजा. इमारत ८ × १२ मीटर असेल तर दोन्ही कर्ण १४.४२ मीटर यायला हवेत. एक १४.४२ आणि दुसरा १४.५५ आला तर चौकट तिरकी आहे आणि एका कोपऱ्यात अंतर कमी पडणार आहे. कॉलमचे खड्डे झाले की खालच्या पट्टीवर हीच मापे पुन्हा घ्या, आणि जोत्याची तुळई ओतण्याआधी तिसऱ्यांदा. साच्याच्या फळ्या लावल्यावर दोन इंच इकडेतिकडे होणे नेहमीचे आहे. ते ओतण्याआधी दुरुस्त करायला अर्धा तास लागतो. ओतल्यानंतर कोणी दुरुस्त करत नाही.

अंतर नेमके किमान ठेवू नका. बाहेरचा गिलावा २० मिलिमीटरपर्यंत जातो, दगडी आच्छादन लावले तर आणखी ४०–५०. मंजुरीत ३.०० मीटर असेल आणि विटेच्या कडेपासून बरोबर ३.०० ठेवले, तर गिलाव्यानंतर २.९८ भरते. तपासणीला आलेला अभियंता पूर्ण झालेल्या भिंतीपासून मोजतो. खोलीत तीन इंच कमी चालतील, पण बाजूच्या अंतरात ७५ मिलिमीटर मोकळे सोडा.

जोते झाले की आर्किटेक्टमार्फत जोते तपासणीचा अर्ज द्या. जोते प्रमाणपत्र हाती नसताना वर चढू नका, ठेकेदाराने कितीही घाई केली तरी. पावसाळ्याआधी स्लॅब टाकायचा म्हणून जोते तपासणी सोडून दिलेली प्रकरणे भोगवट्याच्या टेबलावर नियमित येतात, आणि तिथे जोते प्रमाणपत्र नसणे ही पहिली त्रुटी निघते.

काम चालू असताना

आतली, भार न घेणारी भिंत सरकवणे, दार बदलणे असे बदल क्षेत्र आणि नियमांच्या मर्यादेत असतील तर पूर्णत्वाच्या वेळी प्रत्यक्षाप्रमाणे नकाशा देऊन घेता येतात. क्षेत्र वाढणे, बाहेरची रेषा पुढे येणे, उंची वाढणे, वापर बदलणे यांसाठी मात्र सुधारित परवानगी आधी घ्यावी लागते. शंका असेल तर आर्किटेक्टकडून लेखी घ्या. तोंडी 'चालून जाईल' याला तपासणीत किंमत नाही.

स्टिल्टची, म्हणजे इमारतीखाली खांबांवर मोकळ्या ठेवलेल्या पार्किंगच्या मजल्याची, उंची ही वारंवार चुकणारी बाब आहे. तुळईखाली मोकळी उंची २.४ मीटर हवी. सांगाडा उभा करताना ती बरोबर भरते. मग शेवटी वाळूच्या थरावर ६० किंवा ८० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक येतात, जमीन दहा-बारा सेंटीमीटर वर चढते आणि २.४ ची २.३ होते. पातळी ठरवताना पूर्ण झालेल्या फरशीपासून मोजा.

प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांचे चाचणी अहवाल फाइलला लावत जा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्थैर्य प्रमाणपत्र देताना ते लागतात. नळजोडणी, मलनिस्सारण, पर्जन्यजल संधारण यांचे खड्डे आणि वाहिन्या बुजवण्याआधी मोजपट्टीसह फोटो काढा. पाण्याचा पुनर्भरण खड्डा खरोखर भरला की नुसती वर जाळी बसवली, हे नंतर दाखवता येत नाही. आर्किटेक्ट किंवा पर्यवेक्षक मध्येच सोडून गेला तर ताबडतोब प्राधिकरणाला कळवून नवा नेमा. मधल्या काळातल्या कामाची जबाबदारी नंतर कोणीही घेत नाही.

पूर्णत्व आणि भोगवटा

हे दोन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. पूर्णत्वाचा दाखला तुमचा आर्किटेक्ट किंवा अभियंता देतो: काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे, असे तो प्राधिकरणाला कळवतो. भोगवटा प्रमाणपत्र प्राधिकरण देते: इमारत वापरायला हरकत नाही. आर्किटेक्टच्या सहीचा कागद घेऊन राहायला जाणे म्हणजे भोगवट्याशिवाय राहणे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६३ नुसार परवानगीविना इमारत वापरायला देता येत नाही.

अर्जासोबत साधारण हे लागते:

- पूर्णत्वाचा दाखला आणि प्रत्यक्ष कामाप्रमाणे नकाशे
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचे स्थैर्य प्रमाणपत्र
- जोते प्रमाणपत्र आणि परवानगीच्या सर्व प्रती
- मलनिस्सारण व पाणीजोडणीचे दाखले
- लागू असेल तिथे अग्निशमन विभागाचे अंतिम ना-हरकत आणि लिफ्टचा परवाना
- झाडे लावण्याची अट असेल तर उद्यान विभागाचा दाखला
- मालमत्ता कर आणि इतर शुल्कांची थकबाकी नसल्याचा दाखला
- चारही बाजूंचे, गच्चीचे आणि पार्किंगचे फोटो

यापेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे परवानगीपत्रातली प्रत्येक अट एका कागदावर उतरवून तिच्यासमोर पूर्ततेचा पुरावा लिहिणे. मंजुरीपत्राच्या मागच्या पानावर वीस-पंचवीस अटी बारीक अक्षरात असतात. बहुतेक मालक त्या पहिल्यांदा वाचतात तेव्हा त्रुटीपत्र हातात असते.

तपासणीच्या आधी स्वतः जागेवर मोजपट्टी घेऊन फिरा. नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा: बाजूच्या मोकळ्या जागेत बांधलेले शौचालय किंवा जिन्याच्या पायऱ्या, रस्त्यावर आलेला ओटा किंवा फाटकाचा उतार, जिन्याच्या माथ्यावरची खोली राहण्यासाठी वापरलेली, गच्चीवर पत्र्याची शेड, पार्किंगमध्ये शटर, बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी, सामासिक जागेत पडलेला राडारोडा. शटर आणि शेड तपासणीपुरती काढून नंतर पुन्हा लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. पार्किंग बंद झाले की गाड्या रस्त्यावर येतात आणि आग लागली तर अग्निशमन गाडीला आत वळायला जागा राहत नाही. सामासिक अंतराचा नियम त्यासाठीच आहे.

इमारतीचा काही भाग पूर्ण असेल तर भागशः भोगवटा मागता येतो. मात्र त्या भागाचा जिना, पाणी, मलनिस्सारण आणि आगीची व्यवस्था स्वतंत्रपणे चालली पाहिजे, आणि उरलेल्या कामाची जबाबदारी घेणारे बंधपत्र द्यावे लागते.

अर्ज अडला तर

प्रत्येक त्रुटीपत्राला मुद्द्यावार, लेखी आणि पोच घेऊन उत्तर द्या. एकाच पत्रात सगळ्या त्रुटी कळवा अशी विनंती करायला हरकत नाही. झोन दाखला, बांधकाम परवाना, जोते प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. तुमच्या कार्यालयाच्या फलकावर प्रत्येकीची मुदत आणि प्रथम अपील अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असते. मुदत टळली तर ३० दिवसांच्या आत अपील करा. एजंटाला पैसे देण्यापेक्षा हा मार्ग संथ वाटतो, पण यात फाइलवर कारण लिहावे लागते आणि ते कारण पुढे तुमच्या कामी येते.

बांधकामात फरक निघाला तर तो कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा. उपलब्ध एफएसआयमध्ये बसणारे जादा क्षेत्र असेल, तर सुधारित नकाशा आणि दंड भरून बहुधा नियमित होते. सामासिक अंतर थोडे कमी असेल तर कलम ५२अ आणि २०१७ च्या प्रशमन (शुल्क घेऊन नियमित करण्याच्या) नियमांत ते बसते का, हे बघावे लागते. रस्त्यावरचे, आरक्षणावरचे किंवा पूररेषेच्या निषिद्ध पट्ट्यातले बांधकाम नियमित होत नाही. ते काढणे हाच मार्ग आहे आणि लवकर काढले तर नुकसान कमी होते. अनधिकृत बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते. ही शास्ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

फ्लॅट घेणाऱ्याने काय पाहावे?

रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार भोगवटा प्रमाणपत्र मिळवणे आणि ते ग्राहकांना किंवा संस्थेला उपलब्ध करून देणे ही विकासकाची जबाबदारी आहे. ते मिळाल्यावर ग्राहकाने दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. 'फर्निचरसाठी चावी' हा ताबाच असतो, फक्त कायदेशीर संरक्षण नसलेला. चावी घेताना 'ताबा मिळाला, तक्रार नाही' अशा कागदावर भोगवट्याआधी सही करू नका.

प्रमाणपत्र दाखवले तर चार गोष्टी जुळवा: सर्व्हे क्रमांक, विंग किंवा इमारतीचे नाव, मजले आणि सदनिकांची संख्या. सात मजल्यांना भागशः भोगवटा असलेल्या इमारतीत आठव्या मजल्यावरचा फ्लॅट त्याच कागदावर विकला जातो. प्रमाणपत्राचा क्रमांक महापालिकेच्या कार्यालयात पडताळा, नुसत्या मोबाइलवरच्या फोटोवर विसंबू नका. भोगवट्यानंतर पूर्ण रकमेचा व्यवहार झाला तर विक्रीवर जीएसटी लागत नाही. त्याआधीच्या व्यवहारावर लागतो. हा फरक ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे की भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाण्याच्या कायम जोडण्या ते पाहूनच द्याव्यात आणि बँकांनी इमारत तारण घेऊन कर्ज देताना ते पडताळावे.

जुन्या इमारतीला भोगवटा नसेल तर

आधी फाइल शोधा. अनेक इमारतींना प्रमाणपत्र मिळालेले असते आणि फक्त संस्थेकडे प्रत नसते. माहिती अधिकारात १० रुपये शुल्कासह अर्ज करून मंजूर नकाशे, प्रारंभ प्रमाणपत्र, जोते प्रमाणपत्र, भोगवट्याचा अर्ज आणि त्यावरची शेवटची टिप्पणी एवढे नेमके मागा. ३० दिवसांत उत्तर येते. 'सर्व कागदपत्रे द्या' असा मोघम अर्ज केला तर मोघमच उत्तर मिळते. शेवटच्या टिप्पणीत अडचण कोणती होती ते लिहिलेले असते: एखादा न भरलेला चलनाचा हप्ता, अग्निशमनचा दाखला, किंवा खरेच जादा बांधकाम.

कागदाची उणीव असेल तर संस्थेने ठराव करून आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमावा, इमारतीची प्रत्यक्ष मोजणी करून नकाशा मंजूर नकाशावर ठेवावा आणि सदनिकानिहाय फरकाचा तक्ता तयार करावा. कोणत्या सभासदाने बाल्कनी बंद केली, कोणाचे वाढीव क्षेत्र आहे, हे त्या तक्त्यात आले की खर्चाची वाटणीही ठरवता येते. त्याआधी वर्गणी गोळा करायला गेलात तर सभा तिथेच मोडते. विकासकाविरुद्धचा हक्कही संपलेला नसतो: मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही सतत चालू राहणारी कसूर मानली आणि त्यापायी भरावा लागलेला जादा कर व पाणीपट्टी यांची भरपाई मागणारी तक्रार मुदतबाह्य नाही, असे ठरवले. अशी तक्रार करायची असेल तर वर्षनिहाय कर आणि पाणीपट्टीची बिले, भोगवटा असलेल्या इमारतीला लागू असलेला दर आणि प्रत्यक्ष भरलेला दर असा तक्ता पावत्यांसह लावून ठेवा. दाव्याची रक्कम त्यावरूनच ठरते.